तेरावी बशी

ह्युए शहरात, डोंग बा बाजाराच्या मागच्या गल्लीत
लाल प्लास्टिकचं स्टूल इतकं बुटकं
की बसण्याआधी गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागली.

समोर वाफेचं भांडं, भांड्यात बशा.
बशा कसल्या, लोणच्याला घेऊ तेवढ्याच,
निळ्या काठाच्या, कुठे टवका उडालेला.
प्रत्येकीत तांदळाचं एक पांढरं थरथरतं वर्तुळ,
त्यावर सुक्या कोळंबीचा केशरी भुगा,
कांद्याच्या पातीचं तेल,
आणि काहीतरी चुरचुरीत.
ते काय, मी विचारलं नाही.
पन्नाशीनंतर काही प्रश्न गिळता येतात.

चमचा नव्हता. बांबूची चपटी काडी.
कडेनं फिरवायची, सोडवायचं, उचलायचं.
पहिलं मांडीवर पडलं.
दुसरं माशाच्या खारट-गोड पाण्यासकट
चावायच्या आत गेलंसुद्धा.
मग मी मोजणं सोडलं. मोजायला बशा होत्याच,
रिकाम्या, एकीवर एक.

थ्वा तिचं नाव. हातगाडीवर रंगवलेलं,
हॉटेलातल्या पोरानं वाचून दिलं होतं.
त्यानंच सांगितलं होतं, इथे नुसतं 'तू' नसतं,
वय कळलं की मगच हाक ठरते,
तेव्हा विचारलं तर रागावू नका.
तिनं विचारलं. आधी स्वतःकडे बोट,
मग पाच बोटं दहा वेळा, आणि वर चार.
आता तुझं.
मी दहा वेळा पंजा उघडला, वर दोन.

ती हसली. पुढचा एक दात सोन्याचा.
"एम," म्हणाली.
धाकटी.

मी?
चार भावंडांत थोरली मी.
ताई म्हणतात भाऊ, भावजया, त्यांची मुलं,
सोसायटीचा वॉचमन, गॅस सिलिंडरवाला,
आणि एकदा भांडणाच्या भरात आईसुद्धा.
ताईला विचारा. किल्ली ताईकडे असेल.
ताईला काय, काहीही चालतं,
म्हणून करपलेली पोळी ताईची.

"एम," ती पुन्हा म्हणाली,
आणि माझ्या बशीत हात घालून
मिरचीचे तुकडे वेचून काढू लागली,
तिखट लागेल म्हणून.
ठेच्यावर वाढलेली मी
गप्प बसले. वेचू दिले सगळे.

उठताना हिशेब. ती चळतीवरून बोट फिरवत गेली:
बारा.
मी तेरा खाल्ल्या होत्या. तेरावी मला दिसत होती,
तिचा नातू कून गाडीखाली उकिडवा बसून
तिच्यातून मांजरीला पाणी पाजत होता.
मी तेरा दाखवले. तिनं बारा.
मी गाडीखाली बोट केलं. तिनं वाकून पाहिलं,
कूनला पाहिलं, मांजरीला पाहिलं,
सावकाश सरळ झाली,
आणि बारा म्हणाली.

मी नोट पुढे केली, तिनं मागे सारली.
मी पुन्हा केली. तिनं डोळे मोठे केले.
मोठ्यांशी हुज्जत घालू नये,
हे किती जणांना किती वर्षं सांगत आले मी!
नोट घडी करून पाकिटात ठेवली.
इतकं सोपं असतं हे?

गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा मागून आरोळी आली:
"एम ओऽइ!"
मी चालत राहिले.
कुणाची तरी धाकटी असेल, म्हटलं,
राहिलं असेल तिचं काही.
स्कूटरी जात होत्या, कुणीतरी उसाचा रस काढत होतं.
"एम ओऽइ!"
मग खांद्यावर हात लावून पाहिला:
छत्री तिथेच राहिली होती.